माझ्या बॅगेला कुणी हात लावत नाही

मामाने शिडाच्या बोटीतून दीवला जायचं ठरवलं तेव्हा थेट मला फोन केला. आमच्या बडोद्यातल्या निजामपुऱ्याच्या घरी माझ्यासाठीचे निरोपही आईकडे येतात, कारण मी बोलत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. मामा म्हणाला, "एनसीसीत तू नौदल घेतलं होतंस ना? मग येच. परतीला सुकाणू तुझ्या हातात." मी तलावावर शिकलेली, समुद्रात कधी शीड धरलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर खूश होते. आता आठवलं की कानशिलं तापतात.

बरोबर मामाच्या वाघोडियाच्या कारखान्यातले दोन मित्र होते आणि बोटीचा मालक, समुद्रावरच वाढलेला एक खारवा. दीवच्या धक्क्याला लागलो आणि मामा व त्याचे मित्र, तिघे समोरच्या बारमध्ये जाऊन बसले. "तू फिरून ये, बेटा," मामा म्हणाला. "बॅग राहू दे इथेच."

मी फिरले. गल्ल्या इतक्या अरुंद की स्कूटरच्या आरशांनी दोन्ही बाजूंच्या भिंतींचा पिवळा रंग ओरबाडला होता. किल्ल्याच्या वाटेवर मुलींचा घोळका सेल्फी काढत होता. चर्चच्या पायरीवर एक माणूस ओकत होता आणि त्याचे दोस्त व्हिडिओ घेत होते, आमच्याच बडोद्याच्या गुजरातीत हसत. एवढं सुंदर गाव, आणि दारूबंदीच्या गुजरातेतून येणाऱ्या आमच्याकडच्या लोकांना त्यातलं फक्त दारूचं दुकान दिसतं. मागच्या गल्लीत खाटेवर बोंबील वाळत घालणाऱ्या बाईने विचारलं, "एकली?" मी हो म्हटलं. तिने सरकून ओट्यावर जागा दिली. तिचा नवरा बोटीवर गेला होता, मुलगी सुरतेला नर्स होती. मीही तिला बरंच सांगितलं. सुकाणूचंसुद्धा.

परत आले तेव्हा तिघे धक्क्यावर येऊन बसले होते. बॅग उचलली, तर जड. धक्क्यावरच चेन उघडली. माझ्या टॉवेलात बाटल्या गुंडाळल्या होत्या. एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे माझे कपडे कोंबले होते, आतलेसुद्धा. कुणीतरी ते एक एक उचलून, घडी मोडून, नीट बसवले होते.

"मामा, हे तू ठेवलंस?"

"अगं, पलीकडे गुजरातच्या धक्क्यावर पोलीस बसतो. बायकांच्या बॅगा कोण बघतंय? त्यात तू. तुझं तोंड बघून तो उलट तुलाच पाणी विचारेल."

"म्हणून तर बेनला आणली ने," एक मित्र म्हणाला.

मामाने त्याला गप्प केलं नाही. उलट स्वतःही हसला.

मी बाटल्या काढून एक एक करून मामाच्या मांडीवर ठेवल्या.

"एवढं काय त्यात? गंमत कळत नाही तुला," असं म्हणत त्याने त्या स्वतःच्या बॅगेत भरल्या. "आणि आईला सांगू नको हं. चल, सुकाणू घे. रुसू नको."

मी सुकाणू घेतलं. ते मला कबूल केलेलं होतं आणि मी ते सोडणार नव्हते. वारा आडवा होता, तोंडावर खारं पाणी उडत होतं. खारवा शीड सांभाळत होता आणि फक्त मान हलवून मला दिशा सांगत होता. बाकीचे तिघे पेंगले. बोट मी नीट आणली. बघायला कुणी जागं नव्हतं, याचाही राग आला.

पलीकडच्या धक्क्यावर टेबल टाकून पोलीस बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवला. "जाओ बेन, जाओ."

अगदी मामा म्हणाला होता तसंच.

मी थांबले. बॅग त्याच्या टेबलावर ठेवली, चेन शेवटपर्यंत उघडली. टॉवेल काढून झटकला. कुर्ता काढून झटकला. तो ओशाळला. "रेवा दो, बेन." मी ऐकलं नाही. पुढचा कुर्ता काढला. मागे रांग खोळंबली, लोक बघायला लागले. आता माझ्या मागे उभ्या असलेल्या मामाला नुसतं सोडणं त्याला शक्य नव्हतं.

"काका, तमारी पण खोलो."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन, त्याला सोडवेन, असं त्याला वाटलं असावं. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले. मी बोलत नाही, हे तर घरात सगळ्यांना ठाऊक आहे.