परदेशी कोर्टातला मामा

आमच्या बाबांना मी अजून सांगते, पोलिसांपुढे जरा तोंड सांभाळून बोला. पण लालबागचा गिरणी कामगार, त्यात जन्म मालवणचा, सांभाळतोय कसला!

माझ्या भावाला बोटीवर नोकरी लावतो म्हणून एका माणसाने बाबांची उरलीसुरली पुंजी नेली आणि परदेशात पळाला. बाबांनी चाळीत कुणाला पत्ता लागू दिला नाही. लाज वाटायची त्यांना, आणि मला त्यांच्या त्या लाजेचाच राग यायचा. चोर तिकडे मजेत, नि हे इकडे तोंड लपवून!

दोन वर्षांनी तो तिकडे पकडला गेला. त्याला इथे आणायचं तर तिकडच्या कोर्टाला बाबांचा जबाब पटायला हवा होता. जबाबाचं इंग्रजी करून पाठवलं, आणि महिन्याभरात तपास अधिकाऱ्यांचा फोन. "आजोबा, आरोपी तुमचा भाचा लागतो का?"

बाबांनी जबाबात सांगितलं होतं, 'साहेब, त्याने मला मामा बनवलं.' भाषांतर करणाऱ्या शहाण्याने शब्दाला शब्द ठेवला. आता आरोपीचा वकील म्हणत होता, हा तर मामा-भाच्यांचा घरगुती व्यवहार, यात गुन्हा कसला?

"असलो भाचो देवान वैऱ्याक पण देव नये!" बाबा कडाडले. मला हसू आवरेना, पण एका शब्दापायी तो सुटला असता.

अधिकारी म्हणाले, मामा बनवणं म्हणजे फसवणं, असं भाषेच्या जाणकाराकडून लिहून आणा. जाणकार म्हणजे आमच्या समोरच्या खोलीतल्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. म्हणजे त्यांना सगळं सांगणं आलं. बाबा दोन दिवस अडून बसले. तिसऱ्या दिवशी स्वतःच उठून गेले, मी मागोमाग.

बाईंनी ऐकून घेतलं आणि डोळेच पुसले. "अहो, माझ्या धाकट्यालाही त्यानेच बोटीची थाप मारली. मी तरी कुठे कुणाला बोलले?" त्यांनी शब्दाचा अर्थ लिहून दिला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची तक्रारही.

गेल्या आठवड्यात तिकडच्या कोर्टाने त्याला भारताच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. फोन ठेवून बाबा गॅलरीत आले. शेजाऱ्याने विचारलं, "कोणाचा फोन ओ?"

"माका एका चोरान फसवल्यान," बाबा आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "आता त्याका हय हाडतत. कोर्टात सगळ्यांनी येवचा हां!"