फुंकणी धरणारे दात

दोन हजार बावीस साल. मला तेव्हा एकाहत्तरावं लागलं होतं. हुपरीत पैंजणांना डाख देण्यात माझी पन्नास वर्षं गेली. तोंडात फुंकणी धरायची, दिव्याची ज्योत फुंकून कडीवर वळवायची आणि चांदी जोडायची. फुंकणी पुढच्या दातांत पक्की बसली की दोन्ही हात मोकळे. पोरगा गॅसवर डाख देतो. पण गॅसला एक हात अडकतो, आणि राहिलेला माझा एकटा हात कापतो. म्हणजे दात होते तोवरच मी कारागीर.

त्या साली वरचा पुढचा एक दात मुळासकट निघून आला. फटीतून वारा गळायला लागला, ज्योत वळेना. मंडळीला घेऊन कोल्हापूरला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिच्या दाढेवर त्यांनीच टोपी बसवली होती.

"हिला बसवली तसली टोपी मलाबी बसवा की."

"आजोबा, आजींची दाढ जाग्यावर होती. तीच घासून वर टोपी घातली. तुमचा दातच नाही, टोपी घालू कशावर? तुम्हाला ब्रिज लागतो. दोन्ही बाजूचे दात घासायचे, त्यांच्यावर दोन टोप्या, आणि मधला खोटा दात त्या टोप्यांना जोडलेला."

"चांगलं दात घासायचं? पैंजणाची एक कडी तुटली म्हणून शेजारच्या कड्या कोण कानशीनं झिजवतंय?"

"पैंजण चावत नाही, आजोबा."

मंडळी हसली. "ऐका की त्यांचं. चौथी नापास, आन् डाक्टरला शिकवाय निघालायसा!"

ते मला लागलं. तसाच उठलो.

घरी चांदीचा दात घडवला आणि शेजारच्या दोन्ही दातांना तारेनं आवळून बांधला. काम देखणं होतं, आजही म्हणेन. वारा गळायचा थांबला. महिनाभर पोराला तोंड उघडून दाखवत हिंडलो.

मग हिरडी सुजली. पू यायला लागला.

"काढा की ती तार," मंडळी म्हणायची.

"बसतंय हळूहळू."

तार रोज मुळाकडं सरकत होती. मला ते कळत होतं, खोटं कशाला सांगू? तरी काढली नाही. चौथ्या महिन्यात फुंकणी दातांत धरली आणि डावा दात तारेसकट मांडीवर पडला.

उजवा डॉक्टरीणबाईंनी काढला. फार जोर लावावा लागला नाही.

"आता करा ब्रिज," मी म्हणालो.

"आता कशाच्या आधारावर करू? पलीकडचेही हलतायत. कवळीच बसवावी लागेल."

"कवळीत फुंकणी धरता येईल?"

त्या हात धूत होत्या. "जेवता येईल," म्हणाल्या.

 

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळची माझी बैठक पोराला दिली. आतल्या खोलीत घरच्या बाया घुंगरं निवडत बसतात, त्यांच्यात जाऊन बसलो.