सोडव्याचे उघडे हात

...तर मेलेलं वासरू ओढून काढलं, हात गवताला पुसले आणि सोडव्यानं चहा मागितला. काल इथंच थांबलो होतो ना आपण?

सोडव्या म्हणजे चौथीपर्यंत माझ्याच बाकावरचा. गणितात आम्ही दोघंही दगड; पण अडलेली गाय सोडवावी तर त्यानंच. कोपरापर्यंत हात आत घालायचा, डोळे मिटायचे आणि वासराचे पाय चाचपायचे. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी लांब रबरी मोजे दिले, तर म्हणतो, "बाई, मोजे घालून कुणी कणीक मळतं का?" त्या मोज्यांत त्याच्या बायकोनं कांद्याचं बी भरून ठेवलं!

पण त्या वर्षी आमचं हसू आटलं. एका गल्लीत तीन गायी सातव्या महिन्यात गाभडल्या, वासरं मेलेलीच पडली. तिन्हीकडं हाच, उघड्या हातांनी. तिथून घरी येऊन तसाच स्वतःच्या गायीपाशी. लेक बाळंतपणाला आलेली, तिलाही सातवाच. तिला रोज पेलाभर धारोष्ण दूध. दूध उकळलं की त्यातला कस जातो, असं त्याचं ठाम मत.

मग ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, पहाटे अंथरूण भिजवून उतरायचा, सांधे धरायचे. आधी सोडव्याला, मग पहिल्या गोठ्याच्या मालकाला, मग त्या मालकाचं दूध घेणाऱ्या दोन घरांत, मग दुसऱ्या गोठ्याच्या घरी. "हवा बदलली," असं आम्ही शहाणे दुकानाच्या पायरीवर बसून म्हणत होतो.

एका सकाळी डॉक्टरीणबाई आल्या आणि त्याच्या गोठ्यात बादली पालथी घालून बसल्या. मीही होतो तिथं. गाय चांगली तुकतुकीत, रवंथ करत उभी.

"काका, परवा तपासायला नेलेल्या हिच्या दुधात रोग निघालाय. गाभडलेल्या गायीच्या वारेतून हाताला लागतो, कच्च्या दुधातून पोटात जातो. गोठे कुठल्या क्रमानं केलेत, सांगा."

तो सांगत गेला, त्या लिहीत गेल्या. दोन नावांनंतर माझ्या ध्यानात आलं. ताप अगदी त्याच वाटेनं गेला होता.

"आणि घरात कच्चं दूध कोण पितं? पोटुशी बाई प्यायली, तर मूल हाती लागेलच असं नाही."

आतून लेकीनं आईला हाक मारली. कंबर चोळून दे म्हणाली. सोडव्या भिंतीला धरून उठला.

"बाई, उरलेले गोठे वाटेत सांगतो. गाडी काढा, आधी लेकीला दवाखान्यात नेऊ. आजचा पेलाही मीच दिलाय तिला. नको म्हणत होती, मी रागावून पाजला."