शिंगरू घरी पोचलं

व्हिडिओकाकीला परदेशी भाषेतला एक शब्द कळत नसे, आणि आमच्या गावातल्या पोरांना त्या भाषेतले कार्टूनचे सिनेमे तिनेच समजावून सांगितले. ती टीव्हीचा आवाज आधीच बंद करायची. "त्यांची टकळी कशाला? मी सांगते ना," म्हणायची. मग पडद्यावरच्या माणसा-जनावरांनी तोंड हलवायचं आणि बाजूला पाटावर बसून बोलायचं काकीने.

आमचं गाव मुरबाडच्या पलीकडे, सिद्धगडाच्या अंगाला. टीव्ही तसे तीन-चार घरांत होते, पण व्हीसीआर एकट्या काकीकडे. तो तिच्या थोरल्या मुलाचा, दिनेशदादाचा. लग्नात, पूजेला सिनेमे दाखवायला त्याने आणलेला. बापाला ही सगळी थेरं वाटायची. एकदा ऐन भातकापणीत दादा शेत सोडून शहापूरला कुणाच्या बारशाला सिनेमा लावायला गेला. परत आला तेव्हा बाप अंगणातच उभा होता. "परत तोंड दावू नको," म्हणाला. बाप बोलून विसरणारा माणूस, दादाने मात्र ते मनाला लावून घेतलं. कसाऱ्याला नाशिककडच्या गाडीत चढताना त्याला कुणीतरी पाहिलं. त्यानंतर काहीच कळलं नाही. मागे राहिलं ते मशीन आणि कॅसेटींचं गाठोडं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी काकीची हाक यायची, "या रे, या गो, मशीन लावलाय." आम्हाला वाटायचं, काकीला आमचं भारी कौतुक. होतंच म्हणा. पण एकदा माझ्या आईने विचारलं, कशाला या वानरसेनेला घरात घेतेस, तेव्हा काकी म्हणाली, "मशीन चालता रावला पायजे. पोरगा आला नि बंद दिसला तर माज्यावर चिडंल."  मी तिथेच पायरीवर बसले होते, आणि मलाही त्या दिवसापासून दर रविवारी वाटू लागलं, आज दादा येईल.

पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरते, हे काकीला कुणीतरी सांगितलेलं. दमट जागेत न ठेवायची वस्तू आमच्याकडे एकच, भात. म्हणून काकीने सगळ्या कॅसेटी भाताच्या कणगीत खुपसून ठेवल्या. बुरशी लागली नाही हे खरं, पण प्रत्येक कॅसेटीत चार दाणे शिरले. लावायच्या आधी ती कॅसेट कानाजवळ धरून खुळखुळवायची, उलटी करून थोपटायची. तरी एखादा दाणा आत राहायचा आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा धावू लागायच्या. काकी म्हणायची, "पाऊस लागला तिकडं." आणि आम्ही तो पाऊस मुकाट्याने खरा मानायचो.

खिडकीला गोधडी लावलेली. कौलांच्या फटीतून ऊन खाली यायचं, त्यात धूळ तरंगत असायची. बाहेर कोंबड्या कुरकुरायच्या आणि आत काकीचा आवाज. तिच्या तोंडून सगळा मुलूख आमचाच व्हायचा. मुकुट घातलेला राजा म्हणजे पोलीस पाटील. उंच टाचांची राणी म्हणजे कल्याणची सोयरीक, तिला भाकरी थापता येत नाही. हिमाच्या डोंगराला ती बेलाशक सिद्धगड म्हणायची. एकाने विचारलं, "काकी, सिद्धगड पांढरा कसा?" तर म्हणाली, "धुकं हाय. गप बस."

तिचा सगळ्यात आवडता सिनेमा एका शिंगराचा. तपकिरी घोडीचं पिल्लू, एक कान पांढरा. पुरात ते आईपासून तुटतं आणि वाहत पलीकडच्या काठाला लागतं. काकी त्याला बाल्या म्हणायची. "ही आपली काळू नदी, भादव्यात अशीच फुगते. अरं बाल्या, दम धर रं, पाणी उतरंल." पाणी उतरायचं. शिंगरू काठावर येऊन आईकडे बघायचं, आणि तेवढ्यात काकी बटण दाबायची. पडदा निळा व्हायचा. "पोचला घरी," ती म्हणायची. "चला, पळा आता." सिनेमा तिथेच संपतो, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग घरोघरी केबल आली, आम्ही पोरं पांगलो, दादाचा बापही गेला. माझं लग्न होऊन मी वाशिंदला आले. मागच्या दिवाळीत माझी मुलगी मोबाइलवर कार्टून बघत होती. मी सहज डोकावले तर एक कान पांढरा असलेलं शिंगरू.  मी तिच्याशेजारी बसले. शिंगरू काठावर आलं, आईकडे बघितलं, आणि पाठ फिरवून उलट्या दिशेने चालू लागलं. सिनेमा पुढे बराच होता.

भाऊबीजेला माहेरी गेले तशी काकीकडे गेले. ती ओटीवर वाल सोलत बसली होती. खूप थकलीये आता. मी म्हटलं, "काकी, ते शिंगरू घरी येतच नाही की."

"ठाव हाय," ती म्हणाली. "पयल्यांदा लावला तवाच बगितला. त्यानं पाठ फिरवली नि मी बंद केला. पुढचा कदी पायलाच नाय. बगवंना गो."

"पुढे आहे अजून. बघतेस?"

तिने हातातला वाल सोलून टाकला. मग हात पदराला पुसले. "दाव."

मोबाइल तिने डोळ्यांजवळ धरला. शिंगरू माळावर वाढलं, उंच घोडा झालं. त्याला कळप मिळाला, घोडी मिळाली, पिल्लू झालं. शेवटी ते एकटंच त्याच नदीवर आलं, आणि तिथेच सिनेमा संपला.

"म्हंजे नाय आला," काकी म्हणाली.

"नाही."

"पन जगला." तिने मोबाइल माझ्याकडे दिला. "परत लाव."

मी लावला. या वेळी ती आपणहून बोलू लागली, हळू, त्याच जुन्या आवाजात. "हा बग, मोठा झाला. हा त्याचा माळ, चारा बरा हाय. ही बायको. हा पोरगा, बापावर गेलाय." घोडा पाण्याशी येऊन पलीकडे बघू लागला तशी ती थांबली. मला वाटलं, आता ही त्याला नदीत उतरवणार.

काकीने पडद्यावरून बोट फिरवलं. "आई बरी हाय रं," ती म्हणाली. "जा तू."