ताठ चालणं

फिनेलचा वास आला की मला नगरच्या दवाखान्यातलं ते अपील आठवतं. उसाच्या ट्रॉलीखाली वडिलांचा पाय चेचला होता. पहिल्या तपासणीला ते इस्त्रीचं धोतर नेसून गेले, डॉक्टरांसमोर दात आवळून ताठ चालले, आणि अपंगत्व कमी ठरवून पेन्शनचा अर्ज फेटाळला गेला. अपिलाच्या फेरतपासणीच्या दिवशी रांगेतली एक बाई त्यांना म्हणाली, "दादा, ताठ चालाल तर परत न्हाईच म्हनतील." नाव पुकारल्यावर वडील खाली बसले आणि फरशीवर ढुंगण घासत आत सरकले. अर्ज मंजूर झाला. परतताना मी स्टँडवर चहा पुढे केला, तर म्हणाले, "नको. आज खरा लंगडा झालो मी." पेन्शन काढायला आजही मीच जातो, किती येते, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.