फेलफूट

माझी थोरली बहीण सुलोचनाआक्का, हिचे नाव आधी लिहितो, मग प्रवासाबद्दल. ती चौथीत शाळा सोडून दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला गेली, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

तेव्हा मी सातपूरच्या एका कारखान्यात कारकून होतो आणि सकाळच्या कॉलेजात वकिली शिकत होतो. एका विषयात नापास झालो होतो, कारण संध्याकाळ वसाहतीतल्या कॅरमभोवती जायची. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आक्काकडे दिंडोरीला निघालो, तेही संध्याकाळच्या कॅरमच्या अंतिम सामन्यापर्यंत परत येतो असे जोडीदार पांडुरंगला सांगूनच. खिशात माझा स्ट्रायकर होता. त्याला मी कुणाला हात लावू देत नसे.

पंचवटीत भाजी विकून झालेल्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन एसटीत चढल्या. एक पाटी माझ्या मांडीवर आली आणि म्हसरूळच्या पुढपर्यंत तिथेच राहिली. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागले. छाटणी नुकतीच झाली होती. काळपट काड्यांवर पोपटी पालवी उन्हात चमकत होती.

स्टँडवरून आक्का-भावजींच्या मळ्यापर्यंत चालत गेलो. आक्का आणि तिची जाऊ अनसूयाबाई मांडवाखाली हात वर करून काम करत होत्या. मी जवळ पोचलो तेव्हा अनसूयाबाई म्हणाल्या, "आक्का, हे फेल आधी काढा बाई. निस्ती जागा अडवतंय."

माझे कान तापले. मी म्हणालो, "एकाच विषयात राहिलोय."

दोघी इतक्या हसल्या की हातातली पाने खाली पडली. त्या फेलफुटीबद्दल (घड न धरणाऱ्या फुटीबद्दल) बोलत होत्या. ती वेळेवर काढावी लागते.

मीही काढू लागलो आणि लगेच चुकलो. बारीक फूट पाहून ती मोडली. टाचणीच्या डोक्याएवढ्या मण्यांचा घड माझ्या हातात आला.

"आरं, ही घडाची व्हती," आक्का म्हणाली.

"मग ही एवढी जोमदार?"

"तीच फेल. लय हिरवीगार दिसती. समदं खाती, देती काय नाय."

दुपारी बांधावर बाजरीची भाकरी, मेथी आणि ठेचा. खाली वाकलो तर खिशातून स्ट्रायकर घरंगळला. अनसूयाबाईंनी विचारले, "वकीलसाहेब, ही गोळी कशावरची?" आक्का हसली नाही. तिने तो पदराला पुसून माझ्या हातावर ठेवला.

"कवा पास व्हशील ते नाय इचारत," ती म्हणाली. "पर व्हायचंय ना?"

मी हो म्हणालो. तेही भाकरीकडे बघत.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो आणि स्ट्रायकर बोटांत फिरवत राहिलो. गोदावरीचा पूल येईपर्यंत माझे ठरले होते.

वसाहतीत पांडुरंग बोर्डावर पावडर टाकून वाट पाहत होता. मी स्ट्रायकर त्याच्या हातात दिला आणि शेजारच्या साळवेला जोडीला घे म्हणालो. साळवे तयारच उभा होता. पांडुरंगला वाटले मी चेष्टा करतोय. तो म्हणाला,

"आजचा दिवस खेळ रे. उद्यापासून अभ्यास."

हे वाक्य वर्षभर मीच त्याला ऐकवत आलो होतो. मी खोलीवर गेलो. खाली सोंगट्यांचे आवाज सुरू झाले, तेव्हा खिडकी लावून घेतली आणि पुस्तकाआधी पोस्टकार्ड लिहिले:

"प्रिय आक्कास, सुखरूप पोचलो. घडाची फूट माझ्या हातून मोडली हे भावजींना सांग, तेवढी द्राक्षे माझ्या वाट्यातून कमी धर. माझी फेलफूट आज काढली. परीक्षा द्राक्षे उतरल्यानंतर आहे. तोवर मी मळ्यावर येणार नाही, द्राक्षे खायलाही नाही. तू विचारलेस त्याचे उत्तर भाकरी खाताना नीट देता आले नाही. व्हायचंय, आक्का. अनसूयाबाईंना आणि सर्वांना जय भीम. तुझा भाऊ."