आलवणाची जागा

काकूंनी सात बायकांची मुंडकी स्वतःच्या हाताने करवतीने कापली होती. घाबरू नका, बायका प्लास्टरच्या होत्या. मुलुंडमधल्या एका बंद पडलेल्या साडीच्या दुकानातून आणलेल्या. निळे डोळे, लालचुटूक ओठ. "ही मड्डम माझ्या आजेसासूबाईंचं लुगडं नेसणार? थोबाड बघ तिचं!" असं म्हणत काकू करवत चालवत होत्या आणि मी पडणारी डोकी झेलत होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सासरच्या बंगल्याच्या तळमजल्यावर काकू घरातल्या जुन्या पोशाखांचं संग्रहालय मांडत होत्या. शालू, अंगरखे, खणाची पोलकी, बाळांच्या कुंच्या. माझी नेमणूक नाटकामुळे झाली. ऑफिसच्या ऐतिहासिक नाटकात मी सरदार होतो. प्रयोगानंतर या अनोळखी बाई थेट रंगपटात घुसल्या. "धोतर झकास नेसतोस, काम भिकार करतोस. रविवारी बंगल्यावर ये." मी गेलो आणि दोन वर्षं जातच राहिलो.

काकू कायम रागावलेल्या असत. कापड खाणाऱ्या कसरीवर, उन्हावर, हात लावून बघणाऱ्यांवर. सगळ्यांत जास्त राग जुना कपडा धुऊन 'नवा' करणाऱ्यांवर. एकदा मी एका पोलक्याच्या काखेतला घामाचा डाग ओल्या फडक्याने पुसायला गेलो, तर हातावर फटका बसला. "गाढवा, बाईचं एवढंच उरलंय रे! तेही पुसतोस?"

दर्शनी खोलीत मधोमध त्यांनी काय ठेवावं? पैठणी नव्हे. आलवण! केस काढलेल्या विधवेने जन्मभर नेसायचं ते लाल, जाडंभरडं लुगडं. त्यांच्या नवऱ्याच्या आत्याचं. आत्या नवव्या वर्षी विधवा झाल्या आणि म्हातारपणापर्यंत याच घराच्या चुलीपुढे बसल्या. पदर धुराने काळवंडलेला, सात ठिगळं लावलेली. धाकटे दीर बंगल्याचे अर्धे मालक. त्यांना ते सोसेना.

"वहिनी, हे लक्तर आत ठेवा. उद्घाटनाला चार मोठी माणसं येणार."

"भाऊजी, तुमचा शेंबूड याच पदराने पुसलाय आत्यांनी."

उद्घाटनाला चार दिवस उरले होते. काकू आणि मी वस्तूंखालच्या पाट्या आणायला घाटकोपरला गेलो. परतलो तर मधला पुतळा उघडा. भाऊजी पेपर वाचत होते.

"बोहारीण आली होती, तिला दिलं," पेपर खाली न घेता ते म्हणाले. "पातेलं चांगलं जाड दिलंय हो तिने."

त्यावर काकू जे बोलल्या, ते इथे लिहिलं तर हे पान कोणी छापणार नाही. बोहारणीला आम्ही नाहूरला गाठलं. "मला काय ठाऊक बाई! मालकांनीच हाक मारली," ती कळवळून म्हणाली. जुनं सुती कापड तिने साकीनाक्याला विकलं होतं, कारखान्यात यंत्रं पुसायला. दुसऱ्या दिवशी काकूंनी तिथल्या एकेका गाळ्यात शिरून तेलकट चिंध्यांची पोती उपसली. एक कामगार वैतागला. "काय मावशी, सोनं होतं काय त्यात?"

"माझी आतेसासू होती!" काकू ओरडल्या.

लाल चिंध्या ढिगाने निघाल्या. ठिगळाची एकही नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मधल्या जागी एक स्टूल होतं आणि त्यावर ते लखलखीत स्टीलचं पातेलं. खाली काकूंच्या अक्षरातली पाटी: 'आत्यांचं आलवण. घरच्यांनी त्याच्या बदल्यात हे पातेलं घेतलं.'

शालूंपुढून लोक पटापट सरकत होते आणि पातेल्यापाशी खोळंबत होते. भाऊजी दात चावत म्हणाले, "वहिनी, काढा ते!"

"आलवण आणा, लगेच काढते," काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

गर्दीतल्या एक म्हाताऱ्या बाई चष्मा सावरत भाऊजींकडे वळल्या. "अगंबाई! तुम्हीच का हो ते घरचे?"

आठवड्याभरात भाऊजींनी तळमजल्याला कुलूप घातलं. काकू दिंडोशीला बहिणीकडे राहायला गेल्या आणि शेवटी तिथेच वारल्या. शालू-पैठण्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. त्या माणसाच्या दारात पाऊल टाकून विचारायची माझी इच्छा नव्हती, आजही नाही.

पण चार माणसं जमली की मी हा प्रसंग करून दाखवतो. म्हाताऱ्या बाईंचा आवाज काढतो, भाऊजींचा पडलेला चेहरा करतो. लोक पोट धरून हसतात. मग हसणं ओसरतं आणि कोणीतरी खाली बघत म्हणतं, "आमच्याकडेही एक आत्या होती..."